अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

सेरू, मलांदी आणि ओकावा या तीन देशांचं मिळून एक सार्वभौम राज्य कसं झालं, यावर तिथल्या शाळेच्या पुस्तकात आता साडेचार पानांचा धडा आहे. धड्यात 'दूरदृष्टी' हा शब्द सहा वेळा आला आहे. नीरफणस एकदाही आलेला नाही. ही उणीव भरून काढावी, म्हणून हा खटाटोप.

हे तिन्ही देश हिंदी महासागरात एकमेकांचे शेजारी होते. त्यामुळे अर्थातच एकमेकांशी बोलत नव्हते. समुद्र चढत गेला तसे तिघेही बुडाले. आधी सेरू, दोन वर्षांनी मलांदी, आणि सर्वांत शेवटी ओकावा. आपण शेवटी बुडालो ही गोष्ट ओकावाचे लोक अजूनही अभिमानाने सांगतात. जमीन गेली, पण ध्वज, राष्ट्रगीत, टपालतिकिटं आणि शेजाऱ्यांविषयीचं मत एवढं सगळ्यांनी कोरडं राखलं होतं.

त्यांना नवी जमीन मिळाली ती ऋजुता रेडीजमुळे. ऋजुता चिपळूणची. समुद्राच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. त्या पाण्यात लोखंडाची जाळी सोडून तिच्यातून अगदी सौम्य वीज खेळवली, की तो चुना जाळीवर येऊन बसतो. घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, त्यातलाच प्रकार. फक्त हा थर सिमेंटहून कडक होतो. युक्ती जुनीच होती, पण थर वर्षाला जेमतेम बोटभर वाढे. ऋजुताने वीज सलग न देता श्वासासारखी, थांबून थांबून दिली, आणि थर महिन्याला वीतभर चढू लागला. तिन्ही देशांच्या सागरी सीमा जिथे मिळत होत्या, तिथल्या एका उथळ जागी तिने जाळी अंथरली. चार वर्षांत चिपळूण शहराएवढं बेट वर आलं. कडेने प्रवाळ रुजला, मध्ये माती टाकली, नारळ आणि नीरफणस लागले, आणि चाळीस हजार माणसं येऊन राहिली.

राहिली ती अर्थात तीन रंगांच्या पट्ट्यांच्या आत. पट्टे ओढण्याचं काम जाळी अंथरण्याच्याही आधी पूर्ण झालं होतं.

त्याच वेळी एक करारही झाला होता. नऊ वर्षांच्या आत तिघांनी मिळून एक राज्य करायचं ठरवलं तर उत्तम. नाही ठरलं, तर नवव्या वर्षाच्या अखेरीस जाळी दोन रेघांवर कापायची, आणि प्रत्येकाने आपला तुकडा आणि आपलं वीजघर घेऊन आपापलं सुखाने राहायचं. करार करताना हे फार समंजसपणाचं वाटलं होतं. मुदत संपायला बारा दिवस उरले, तेव्हा जाळी कापणारं जहाज बेटासमोर येऊन नांगर टाकून बसलं. त्याच दिवशी दुसऱ्या बोटीने ऋजुताची आई आली.

शरयू रेडीज, वय त्रेसष्ट. चिपळूणच्या वाशिष्ठीदर्शन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सव्वीस वर्षं सचिव. (नावातलं दर्शन नदीने दोनदा थेट पहिल्या मजल्यापर्यंत येऊन दिलं होतं.) त्या आल्या होत्या मुलीला घेऊन जायला. ऋजुताला आठवा महिना होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं यात शरयूताईंच्या मते चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. परतीची दोन तिकिटं पर्समध्ये होती. चिपळूणला पाळणा माळ्यावरून उतरवला होता, मालिशवाल्या बाईंना सांगून ठेवलं होतं.

"मी येऊ शकत नाही, आई," ऋजुता म्हणाली.

"का? इथे कोण आहे तुझं करायला?"

"इसाय आहे." इसाय म्हणजे तिचा नवरा, मलांदीचा. तो मागे डिंकाच्या लाडवांचा डबा छातीशी धरून उभा होता. सासूबाई त्याला 'इसायराव' म्हणत, आणि ही काहीतरी सरकारी पदवी असावी असं त्याला वाटे.

"इसायराव गुणी आहेत. पण त्यांना शेक-शेगडी येते का?"

"आई, हे बघ आधी." ऋजुताने तिला खिडकीपाशी नेलं. तिथे दोन टब होते, समुद्राच्या पाण्याने भरलेले. पहिल्यात जाळीचे तीन तुकडे होते, प्रत्येकाला वेगळी बॅटरी. एक तुकडा गुटगुटीत पांढरा झाला होता. त्याच्या शेजारच्याला भोकं पडली होती.

"हा का खंगला?"

"याची वीज शेजाऱ्यापेक्षा किंचित कमी आहे. एकाच पाण्यात दोन जाळ्या असल्या आणि वीज कमीजास्त असली, की कमीवाल्याचं लोखंड विरघळायला लागतं. शेजारी वाढतो, हा झिजतो."

"मग यानेही वाढवावी वीज."

"तेच करतील सगळे. दुसऱ्या टबात मी तिघांचीही वाढवली. हात लाव."

इथे तिन्ही तुकडे लठ्ठ दिसत होते. शरयूताईंनी अंगठ्याने जरा दाबलं. खडूसारखा भुगा झाला.

"वीज फार झाली की चुना कडक बसत नाही, नुसता फुगतो. पहिल्या मोठ्या लाटेला खलास. जाळी कापली तर हे बेट दोन पावसाळे काढणार नाही."

शरयूताईंनी हात पदराला पुसला. "अगं, हे तर नळाच्या लाइनला थेट पंप लावण्यासारखं झालं! आठवतं ना, खालच्या शिर्क्यांनी लावला, मग वरच्या मोमीनांनी त्याहून मोठा लावला. शेवटी पाणी कुणालाच येईना, नुसते पंप घुरघुरत बसायचे."

"मग तू काय केलंस?"

"एक टाकी, एक पंप, एक मीटर."

"किती दिवस लागले?"

"सात वर्षं."

"आमच्याकडे बारा दिवस आहेत," ऋजुता म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून हळूच खुर्चीत बसली. "बेट तुटलं तर मी येतेच आहे चिपळूणला, आई. कायमची. पण ते ठरेपर्यंत नाही."

'कायमची' हा शब्द शरयूताईंनी तिकिटांशेजारी नीट घडी घालून ठेवला.

*

तिन्ही देशांची संयुक्त परिषद अकरा महिने भरत होती. या काळात तिने एक निर्णय घेतला होता: खुर्च्या निळ्या नकोत. अध्यक्ष कोण, यावर घोडं अडलं होतं. अध्यक्ष तिघांपैकी कुठलाही नको, आणि तिघांना कधी काही विकलेल्या देशाचाही नको. अशा देशांची यादी करायला घेतली तेव्हा यादी कोरी निघाली. मग 'देश नको, व्यक्ती चालेल' अशी पळवाट काढण्यात आली. आपल्या सासूबाई सव्वीस वर्षं सभा चालवत आहेत, असं इसाय कुणापाशी तरी बोलून गेला. तिन्ही शिष्टमंडळांनी चौकशी केली. या बाईंना आपल्याबद्दल काडीचीही माहिती नाही, हे कळल्यावर तिघांचंही एकमत झालं.

शरयूताई 'हो' म्हणाल्या, कारण कुणीतरी ते लवकर आटपल्याशिवाय ऋजुता बोटीत बसणार नव्हती.

"सभा कुठल्या नियमांनी चालवता तुम्ही?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. प्रत्येकाच्या कानात दुभाषी यंत्र होतं, त्यामुळे चिपळूणचं मराठी तिन्ही भाषांत बिनचूक पोचत होतं, अगदी त्यातल्या त्राग्यासकट.

"नियमांवर अजून सहमती नाही," सेरूचे अध्यक्ष तमाटी म्हणाले. गृहस्थ भारदस्त, पूर्वी मच्छीमार. कुठलाही मुद्दा ते दोन्ही हातांची लांबी दाखवून मांडत.

"सेरूच्या नियमांना आमचा आक्षेप आहे," मलांदीच्या पंतप्रधान नेओमा म्हणाल्या.

"ते अजून मांडलेलेच नाहीत!"

"म्हणून तर."

शरयूताईंनी पर्समधून वाशिष्ठीदर्शनच्या उपविधींचं पुस्तक काढलं. ते त्यांच्यासोबत असायचंच; हंगामी सचिवाच्या ताब्यात देण्याइतका त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. "तोवर हे वापरू. बत्तीस फ्लॅटांना पुरलंय, तीन देशांना पुरेल. वाचा आणि सह्या करा."

रात्रीत भाषांतर झालं. एकशे चाळीस पानं. सकाळी साठच्या साठ प्रतिनिधींनी सह्या केल्या. वाचलं एकानेही नाही. शरयूताईंना हे पहिल्या सहीलाच कळलं आणि त्यांना पहिल्यांदाच त्या बेटावर घरच्यासारखं वाटलं.

*

शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला सभा होती. विषय एकच: 'तिन्ही राष्ट्रांचे मिळून एक राज्य करण्यास मंजुरी देणे.' गणपूर्तीला साठांपैकी चाळीस हवे. संध्याकाळी सहाला जहाज जाळी कापायला घेणार होतं.

आता प्रश्न असा होता, की टब तिन्ही देशांच्या नेत्यांनी पाहिले होते. भुगा तिघांनीही बोटाने करून बघितला होता. एक राज्य झालं नाही तर सगळे बुडणार, हे प्रत्येकाला पटलं होतं. पण ठरावाच्या बाजूने हात वर केला तर 'देश विकला' म्हणून घरचे लोक फाडून खातील, आणि विरुद्ध केला तर 'बेट बुडवलं' म्हणून. अशा प्रसंगी जबाबदार नेतृत्वाने काय करावं? तिघांनीही एकमेकांच्या नकळत तेच ठरवलं होतं.

तीन पस्तीसला तमाटींच्या पोटात दुखायला लागलं. किती दुखतंय, ते त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं. त्यांची तब्येत पाहायला सेरूचे सतरा प्रतिनिधी सोबत गेले.

तीन चाळीसला नेओमाबाईंच्या लक्षात आलं, की आपला ध्वज इतर दोघांहून बोटभर खाली आहे. तो अकरा महिने तसाच होता. "हा मलांदीचा अपमान आहे!" असं म्हणून त्या गेल्या, आणि सोळा जणांनी अपमान वाटून घेतला.

"मग आम्हीच काय म्हणून बसायचं?" असं म्हणून ओकावाचे अठरा जण, नेत्यासकट, उठले.

शरयूताईंनी मोजले. सात उरले होते. हे सात का उरले, तर मागच्या टेबलावर नीरफणसाचे काप होते. सभेला माणसं यायची असतील तर खायला काहीतरी हवं, आणि ते सभा संपेपर्यंत टेबलावर दिसत राहायला हवं, हा शरयूताईंचा सव्वीस वर्षांचा अनुभव. बेटावर बटाटे नव्हते, पण नीरफणस झाडाझाडाला लोंबत होते. तिथले लोक ते उकडून खात आणि त्याबद्दल फार बोलत नसत. तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळलेले काप त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

"गणपूर्तीअभावी सभा तहकूब," शरयूताईंनी जाहीर केलं. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर चार वाजले होते.

पुढचं वाक्य उपविधींतच होतं. पान एकाहत्तर. 'अशी तहकूब सभा अध्यक्षांनी पुकारल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व अशा सभेला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.' वाशिष्ठीदर्शनची एकही वार्षिक सभा गेल्या सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या पद्धतीने झालेली नव्हती. चिपळूणला हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. बेटावर मात्र एका शरयूताईंनाच ठाऊक होतं.

'पुकारल्यास', असं लिहिलं होतं. 'पुकारलीच पाहिजे', असं नव्हतं.

शरयूताई खुर्चीत बसून राहिल्या. काहीच करायचं नव्हतं. अर्धा तास नुसतं बसायचं होतं, मग एकतीस मिनिटं झाली असती, सभेची वेळ टळली असती, आणि मग ऋजुता आठवड्याभरात चिपळूणला, तिच्या खोलीत. पाळणा तयारच होता. इसायरावांनाही आणू, कोकणात पोहणाऱ्या माणसाला काम मिळतं. नाहीतरी चाळीस हजार लोकांना कुठला ना कुठला देश घेईलच. त्यांच्या नेत्यांनाच पडलेलं नाही, तर मी कोण? मी वाशिष्ठीदर्शनची सचिव.

"बाई, अजून आहेत का?" बशी घेऊन समोर ओकावाचे युवराज फालू उभे होते. युवराजांचं वय अडुसष्ट. त्यांच्या मातोश्री, महाराणी, एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या आणि ठणठणीत होत्या.

"घ्या ना. तुम्ही नाही गेलात बाहेर?"

"मला कुणी बोलावलं नाही," युवराज म्हणाले. "माझ्याकडे कुणी बघतच नाही. आईने सांगून ठेवलंय सगळ्यांना, त्याला कशात घेऊ नका, दगदग होईल." त्यांनी एक काप मन लावून खाल्ला. "बाहेरच्या देशात शिकायला जायचं होतं मला. विसाव्या वर्षी. आई म्हणाली, पुढच्या वर्षी जा. फार प्रेम आहे तिचं. अजून एकट्याला होडीत बसू देत नाही."

"अजून?"

"परवाच विचारलं होतं. म्हणाली, वारा आहे."

शरयूताईंनी त्यांच्या बशीत आणखी दोन काप वाढले आणि दुसरीकडे पाहिलं. चार वाजून अठरा मिनिटं.

मागच्या दाराने ऋजुता आली. वीजघरातून चालत आलेली, पाय सुजलेले, हातात तिचा मीटर. ती आईच्या शेजारच्या, निळ्या नसलेल्या खुर्चीत बसली आणि रिकाम्या सभागृहाकडे बघत राहिली.

"तिकिटं आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत."

"चल मग. जहाज कापायला लागेल तेव्हा मला इथे नाही थांबायचं." तिने मीटर आईच्या पर्समध्ये, डिंकाच्या लाडवांच्या डब्यावर ठेवला. "हा ठेव. तिथे काय, नळाचं पाणी तपासायला होईल."

ती रडत नव्हती. रडली असती तर शरयूताईंनी तिला जवळ घेतलं असतं आणि कदाचित घड्याळाकडे पाहिलंच नसतं. तिने फक्त चपला काढून बाजूला ठेवल्या. लहानपणी स्पर्धेत हरून आली की ती अशीच दारात चपला काढायची, अगदी नीट, एकाशेजारी एक. आणि मग चार दिवस काही मागायची नाही.

"चपला घाल," शरयूताई म्हणाल्या.

"घालते. जरा बसू दे."

"ऋजुता, चपला घाल आणि मीटर घे तुझा. माझ्या पर्समध्ये तुझ्या वस्तूंना जागा नाही."

"आई, संपलंय ते सगळं."

"चार मिनिटं आहेत अजून. युवराज, तोंडातला घास संपवा."

चार तीसला शरयूताईंनी चमच्याने स्टीलच्या पेल्यावर तीन टोले दिले. "पान एकाहत्तरप्रमाणे तहकूब सभा पुन्हा सुरू झाली आहे. गणपूर्तीची गरज नाही. ठराव कोण मांडतंय?"

सात प्रतिनिधींनी एकमेकांकडे पाहिलं, मग पान एकाहत्तर उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी उपविधी वाचत होतं. शरयूताईंना गहिवरून आलं.

"कोणीही मांडू शकतो?" युवराजांनी विचारलं.

"कोणीही सभासद."

"आईला विचारावं लागेल का?"

"पुस्तकात तसं कुठे नाही."

युवराजांनी बशी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले, आणि अडुसष्टाव्या वर्षी आयुष्यातला पहिला ठराव मांडला. मलांदीच्या तीन प्रतिनिधींतल्या एका शिक्षिकेने अनुमोदन दिलं. सेरूचे दोघे काही वेळ कुजबुजले, मग त्यांतला थोरला म्हणाला, "आमचे अध्यक्ष विचारतील तर आम्ही काय सांगायचं?"

"खात होतो म्हणून सांगा," शरयूताई म्हणाल्या. "खोटं नाही ते."

ठराव सात विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. चार बत्तीस. व्हरांड्यातल्या फोनवर ऋजुता जहाजाच्या कप्तानाशी ओरडून बोलत होती, आणि तिचा आवाज सभागृहापर्यंत येत होता.

तमाटी आणि नेओमा एकाच दारातून एकाच वेळी आत घुसायला लागले, त्यामुळे काही काळ कुणालाच येता आलं नाही.

"हा विश्वासघात आहे!" तमाटी.

"आम्ही इथे असतो तर प्राणपणाने विरोध केला असता!" नेओमा.

"हो ना," शरयूताई म्हणाल्या. "इतिवृत्तात लिहू का तसं? 'दोन्ही मान्यवरांचा तीव्र विरोध होता, परंतु ते उपस्थित नव्हते.'"

प्रत्येकाने ते वाक्य मनातल्या मनात घरी नेलं, लोकांसमोर म्हणून पाहिलं, आणि ते फारच चांगलं वाजलं.

"'तीव्र'च्या जागी 'अत्यंत तीव्र' करता येईल?" तमाटींनी हळू आवाजात विचारलं. त्यांचं पोट आता दुखत नव्हतं.

"मलांदीचा त्याहून जास्त होता," नेओमाबाई म्हणाल्या, आणि काप घ्यायला वळल्या.

पुढे हे प्रकरण जागतिक न्यायालयात गेलं. न्यायाधीशांनी विचारलं, नियमांवर सह्या कुणाच्या? साठांच्या साठ, असं उत्तर आलं. निकाल दोन ओळींचा होता. अशा रीतीने तीन राष्ट्रांनी सार्वभौमत्व एकत्र केलं, आणि ते साधलं, कारण ते करताना तिघांचेही नेते बाहेर गेले होते.

*

बाळंतपण एकोणीस दिवसांनी बेटावरच झालं. मुलगी. शेक-शेगडी शरयूताईंनी केली आणि मालिश इसायरावांना शिकवली. चिपळूणच्या मालिशवाल्या बाईंपेक्षा त्यांचा हात हलका निघाला. दुसरं तिकीट शरयूताईंनी युवराजांना दिलं. युवराज चिपळूणला जाऊन आले, एकट्याने, बोटीतून. वारा होता. आल्यावर ते आईला महिनाभर नुसतं वाशिष्ठी नदीबद्दल सांगत होते, आणि महाराणी दर वेळी विचारत होत्या, "जेवलास का तिथे नीट?"

नव्या राज्याचं नाव अजून ठरलेलं नाही. त्यासाठीची समिती दर महिन्याला भरते आणि अर्ध्या तासाने पुन्हा भरते. तोपर्यंत मुलीच्या जन्मदाखल्यावर देशाच्या रकान्यात 'नियोजित' असं लिहिलं आहे. हे शरयूताईंनीच सुचवलं. नोंदणी व्हायच्या आधी वाशिष्ठीदर्शनही आठ वर्षं नियोजितच होती, आणि तेवढ्याने कुणाचं काही अडलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या इतिवृत्त पुरं करत बसल्या होत्या. मांडीवरच्या मुलीला थोपटत ऋजुताने विचारलं, "आई, त्या अर्ध्या तासात तू काय विचार करत होतीस गं? मी आले तेव्हा तुझा चेहरा कसला झाला होता."

"काप निवत होते," शरयूताई म्हणाल्या.

त्या नव्या राज्याच्या पुराभिलेखागारात ते इतिवृत्त काचेखाली ठेवलेलं आहे. वळणदार मराठी अक्षर, खाली तिन्ही भाषांत भाषांतर. शाळेच्या सहलीत मुलं ते बघायला येतात. ठरावाच्या आधीची नोंद अशी आहे:

'४.०० ते ४.३०: चहापान. विशेष काही घडले नाही.'